विचारू न शकणारा वाचक

वापरपुस्तिकेला कोणी वाङ्मय म्हणत नाही. मिक्सर घेतला की खोक्याच्या तळाशी ती असते. हमीपत्रावर दुकानदाराचा शिक्का मारून घेतला की तिचे काम संपते. पण गेल्या दोन-तीन वर्षांत पुस्तिकेला एक नवा वाचक मिळाला आहे. तो कंटाळत नाही, पाने गाळत नाही, आणि वाचले तसे करतो. 'यांना असे म्हणायचे असेल' अशी समजूत करून घेण्यासाठी त्याच्याजवळ वर्ग नाही, शेजारी नाही, शिक्षक नाही. हा वाचक म्हणजे एआय एजंट. एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा किंवा आरटीओच्या दारातला माणूस आठवतो, आणि उपमा फारशी चुकत नाही: आपल्या वतीने दुसऱ्याच्या खिडकीवर जाऊन काम करून आणणारा. खिडकीवर काय लिहिले आहे यावर त्याचे सगळे अवलंबून असते.

या लेखात मी अशाच एका खिडकीवरची पाटी वाचणार आहे. खिडकी गणिताची आहे. भाषा शिकलेले यंत्र पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत बोलते. अंदाज बहुधा बरोबर निघतो, पण गणितात 'बहुधा' चालत नाही. म्हणून त्याच्या हाताशी अंदाज न करणारे दुसरे साधन दिले जाते. ते समीकरण सोडवते, अवयव पाडते, विकलन-संकलन करते, आणि तेही अक्षरे कायम ठेवून. २ चे वर्गमूळ तिथे १.४१४ होत नाही, २ चे वर्गमूळच राहते. याला सांकेतिक गणिताचे साधन म्हणतात. एमआयटीत १९६८ साली सुरू झालेले मॅक्सिमा हे त्यांतले एक आद्य, १९८८ चे मॅथेमॅटिका बहुधा सर्वांत नावाजलेले. मी निवडले आहे ते सिम्पाय. ओंद्रेय चेर्टिक यांनी २००५ साली ते सुरू केले. ते फुकट आहे, पायथन भाषेत आहे, आणि त्याच्या घडणीत भारतातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा हात मोठा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गूगलच्या 'समर ऑफ कोड' उपक्रमातून वर्षानुवर्षे ही मुले त्यात भर घालत आली.

मोताळ्यात बसून हे कशाला वाचायचे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी बारावीचे गणित अडले तर रात्री दहा वाजता विचारायला माणूस मिळत नाही, फोन मिळतो. शिकवणीसाठी बुलढाण्याला किंवा मलकापूरला जाणे प्रत्येक घराला जमत नाही. फोनमधला एजंट मुलीचा मराठी प्रश्न घेतो, आतल्या आत तो इंग्रजीत नेतो, गणिताच्या खिडकीवर जातो, उत्तर आणतो आणि मराठीत सांगतो. या सगळ्या प्रवासात माणसाच्या हातचे लिखाण एकच असते, ते खिडकीवरच्या पाटीचे. ती पाटी कशी लिहिली आहे हा प्रश्न मग कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या परीक्षणाइतकाच गंभीर होतो.

आणि दुसरेही एक कारण आहे. मलकापूरला पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बोदवड, भुसावळ, जळगाव, पाचोरा करत आपण चाळीसगावला उतरतो. तिथून जवळच पाटण. पाटणच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. इ.स. १२०७ चा हा लेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. लेखाचा शेवटचा भाग, मठासाठी कोणाकडून काय यावे याचा, त्या वेळच्या मराठीत आहे. मला या लेखातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही की ग्रंथ लिहून झाल्यावर अर्ध्या शतकाने ग्रंथाला मठ लागला. म्हणजे ग्रंथ एकटा पुरत नव्हता. त्याच्या शेजारी सांगणारा माणूस बसवावा लागला, आणि त्या माणसाच्या पोटाची सोय करावी लागली.

भास्कराचार्यांचे 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे 'सिद्धान्तशिरोमणी'चे भाग इ.स. ११५० च्या सुमाराचे. त्यांची रचना आज पाहिली तर ती थेट वापरपुस्तिकेची आहे. आधी करणसूत्र, म्हणजे कृतीचा नियम. मग उद्देशक, म्हणजे उदाहरण. मग न्यास, म्हणजे दिलेले आकडे मांडून दाखवणे, आणि उत्तर. नियम पद्यात, कारण तो पाठ व्हायचा आहे, आणि पाठ व्हायचा म्हणून आखूड. 'बीजगणिता'त अज्ञात राशींना नावे आहेत: पहिली यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक, म्हणजे काळी, निळी, पिवळी, तांबडी. लिहिताना त्यांचे पहिले अक्षर घ्यायचे: या, का, नी. सुट्या संख्येला रूप, त्याचे रू. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. हे सांकेतिक गणितच आहे, फक्त यंत्र माणसाच्या डोक्यात आहे.

एजंटसाठी लिहिलेली पाटीही आखूडच असते. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक रीत जाहीर केली, आणि ती लवकरच रूढ झाली. या रीतीत प्रत्येक साधनाने तीन गोष्टी सांगायच्या असतात: नाव, वर्णन, आणि काय-काय द्यावे लागेल त्याचा साचा. सिम्पायला एजंटशी जोडणारे दुवे याच रीतीने लिहिले गेले आहेत. वर्णन लांबले तर यंत्राच्या ध्यानात ठेवण्याच्या जागेतली तेवढी जागा जाते, आणि त्या जागेचे पैसे पडतात. तेव्हा दोन-चार ओळींत आटोपायचे. सूत्राची मितव्ययिता पुन्हा आली, कारण बदलले: तेव्हा स्मरण महाग होते, आता जागा.

पण सूत्र आखूड परवडत होते ते शेजारी मठ होता म्हणून. हे विसरून नुसती आखूडपणाची नक्कल केली की काय होते ते आता पाहू.

*

सिम्पायची मूळ पुस्तिका, माणसांसाठी लिहिलेली, मला पुष्कळ आवडते. तिच्यात 'गॉचाज' नावाचे एक पान आहे. 'फसगतीच्या जागा' असे त्याचे मराठी करता येईल. तांत्रिक लेखनात इतके प्रामाणिक पान क्वचित सापडते. नवा वापरणारा कुठे घसरतो ते त्यात एकेक करून सांगितले आहे. दोन राशींमध्ये == हे चिन्ह घातले तर सिम्पाय त्यांची किंमत सारखी आहे का ते पाहत नाही, बांधणी सारखी आहे का ते पाहते; म्हणून (क्ष + १) चा वर्ग आणि क्ष² + २क्ष + १ यांना ते 'सारखे नाहीत' म्हणते. सारखेपणा तपासायचा तर वजाबाकी करून तिचे रूप शून्य होते का ते पाहा. १/३ लिहिले तर पायथन सिम्पायपर्यंत पोचू न देताच त्याचे ०.३३३… करून टाकते आणि अचूकपणा हातचा जातो. घातासाठी ^ वापरू नका, पायथनमध्ये त्याचा अर्थ निराळा आहे. तिथे २ ^ ३ चे उत्तर ८ येत नाही, १ येते.

हे सगळे खरे आहे. पण ते कोणासाठी खरे आहे? पायथनमध्ये स्वतः बोटांनी लिहिणाऱ्यासाठी. एजंट पुष्कळदा तसे करत नाही. तो पदावली मजकूर म्हणून दुव्याकडे पाठवतो आणि दुवा ती सिम्पायच्या 'सिम्पिफाय' या कृतीतून नेतो. तिथे मजकुरातले '२^३' हे मुकाट्याने ८ होते, आणि मजकुरातले '१/३' अचूक अपूर्णांकच राहते. म्हणजे एकच चिन्ह एका दारात एक अर्थ घेते, दुसऱ्या दारात दुसरा. माणसाची पुस्तिका वाचून शहाणा झालेला एजंट नको तिथे सावध राहतो, आणि जिथे खरा धोका आहे तिथे बेफिकीर. खरा धोका निराळाच आहे. 'सिम्पिफाय' आत पायथनची 'इव्हॅल' ही कृती वापरते, म्हणजे मजकूर नुसता वाचत नाही, चालवते. गणिताच्या वेषात आलेली कोणतीही आज्ञा त्यामुळे चालू शकते. परका, न पारखलेला मजकूर देऊ नका असा इशारा पुस्तिकेत आहे, पण तो 'सिम्पिफाय'च्या पानावर. दुवा वापरणारा एजंट त्या पानापर्यंत जातच नाही. त्याने वाचलेली असते दुव्याची दोन ओळींची पाटी.

इथे समीक्षकाने दोष कोणाला द्यावा? मूळ पुस्तिकेला देता येत नाही, तिने आपल्या वाचकाला सगळे सांगितले होते. वाचक बदलला आणि मजकूर तोच राहिला. ग्रंथांच्या बाबतीत हे नेहमीच घडत आले आहे. फरक एवढाच की माणूस वाचक अडखळतो, त्याच्या कपाळावर आठी उमटते, तो पान उलटून मागे जातो. या नव्या वाचकाला बहुधा आठी पडत नाही. उत्तर आले ना, मग ते सांगून तो मोकळा होतो.

दुव्यांच्या पाट्यांची एक खोडही नोंदवतो. त्यांत विशेषणे फार. 'सामर्थ्यशाली', 'अचूक', 'सर्व प्रकारची समीकरणे'. आणि मोठ्या अक्षरांत दटावण्या: नेहमी हेच वापरा, कधीही ते करू नका. जाहिरात आणि फौजदारी नोटीस यांची ही जोडी भास्कराचार्यांच्या शैलीसमोर फारच गरीब दिसते. ते वाचणाऱ्याला सखे म्हणतात, मित्रा म्हणतात, येत असेल तर लवकर सांग म्हणून डिवचतात. पण 'सर्व प्रकारची' असे म्हणत नाहीत.

*

'बीजगणिता'तले एक उदाहरण आता सविस्तर घेतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. वानरांचा एक कळप. कळपाचा पाचवा भाग, त्यातून तीन वजा करून जे उरते त्याच्या वर्गाइतकी वानरे गुहेत शिरली. एक फांदीवर चढलेले दिसले. तर एकूण वानरे किती?

कळप क्ष मानला तर (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. सोडवत गेले की क्ष² − ५५क्ष + २५० = ० येते, आणि उत्तरे दोन: ५० आणि ५. ताळा करून पाहा. पन्नासाचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास, अधिक एक, पन्नास. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, त्याचा वर्ग चार, अधिक एक, पाच. दोन्ही जमतात.

हेच सिम्पायच्या 'सॉल्व्ह' या कृतीला दिले तर ती इमानाने दोन्ही परत करते, ५ आणि ५०. तिचे चुकले नाही. तिला समीकरण विचारले होते, वानरे नाही. आता एजंटने काय करायचे? पाटीवर जर लिहिले असेल, 'साधन समीकरणाची सर्व मुळे देते', तर तो दोन्ही सांगेल. पाटी लिहिणारा अनुभवी असेल तर तो भर घालील, 'व्यवहारातल्या उदाहरणांत ऋण मुळे टाका'. काही उपयोग नाही, पाच ही संख्या ऋण नाहीच. आणखी अनुभवी असेल तर म्हणेल, 'राशी जाहीर करतानाच ती धन आहे असे सांगा'. सिम्पायमध्ये तशी सोय आहे आणि ती फार उपयोगाची आहे. क्ष धन आहे असे सांगितले की क्ष² च्या वर्गमुळाचे ते खुशाल क्ष करते, एरवी करत नाही. पण इथे क्ष धन सांगूनही पाच जात नाही. पूर्णांक सांगा, तरी जात नाही. नियमावर नियम रचत गेलो तरी पाच वानरे तशीच बसलेली आहेत.

भास्कराचार्यांनी इथे दोन गोष्टी केल्या. दुसरे उत्तर लपवले नाही, ते काढून दाखवले. आणि लगेच तिथेच सांगितले की ते घ्यायचे नाही, कारण ते जुळत नाही: डोळ्यांना दिसणारी गोष्ट ऋण असते असे लोक मानत नाहीत. पाच मध्ये खोट नाही, खोट आहे वाटेतल्या उणे दोनमध्ये. गोष्टीत वर्ग कोणाचा केला आहे? वानरांच्या एका जमावाचा. तो जमाव उणे दोन असू शकत नाही. हा इशारा त्यांनी ग्रंथाच्या आरंभी 'सावधान' म्हणून दिला नाही, शेवटी परिशिष्टात टाकला नाही. ज्या उत्तरात घसरण आहे त्याच्याच पायाशी तो आहे. पुस्तिकालेखनाची याहून चांगली शिकवण मला ठाऊक नाही.

शून्याचे उदाहरणही असेच बोलके आहे, ते थोडक्यात. 'लीलावती'त नियम आहे की राशीला शून्याने गुणले तर शून्य येते, पण पुढे आणखी कृती बाकी असतील तर ते शून्य करून टाकू नये, 'शून्याने गुणलेली राशी' असेच धरून ठेवावे. मग पुढे शून्याने भागायची वेळ आली तर राशी जशीच्या तशी राहते. उदाहरण असे की एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिप्पट केली, शून्याने भागले, तर त्रेसष्ट आले. उत्तर चौदा. सिम्पायला हे पायरीपायरीने दिले तर ते पहिल्याच पायरीला शून्य करून टाकते, विचारत नाही, आणि शेवटी शून्य भागिले शून्य म्हणजे 'नॅन', अर्थात 'संख्या नव्हे', असे सांगते. आजच्या काटेकोर गणिताने सिम्पायची बाजू घ्यावी लागेल. भास्कराचार्यांचा नियम आज आहे तसा चालत नाही; त्यात पुढे सीमेच्या कल्पनेने घेतलेल्या जागेची चाहूल दिसते एवढे फार तर म्हणता येईल. पण पुस्तिका म्हणून पाहिले तर जुना मजकूर एक गोष्ट उघड बोलतो जी नव्या पाट्या गृहीत धरतात: कोणती कृती लगेच होते आणि कोणती थांबवून ठेवावी लागते. एक भागिले शून्य या खहर राशीला भास्कराचार्यांनी अनंत म्हटले आणि तिची तुलना सृष्टी-प्रलयांतही न बदलणाऱ्या अच्युताशी केली. सिम्पाय तिला 'झू' असे लिहिते. प्राणिसंग्रहालयाला इंग्रजीत जे म्हणतात तेच. एजंटने हे उत्तर मुलीला काय सांगावे, देव जाणे.

*

तर नियम पुरत नाही. उदाहरण पुरते का?

सिम्पायच्या पुस्तिकेतली उदाहरणे नुसती शोभेची नाहीत. पायथनमध्ये 'डॉकटेस्ट' नावाची सोय आहे. पुस्तिकेत छापलेले प्रत्येक उदाहरण यंत्र स्वतः चालवून पाहते आणि छापलेले उत्तर येते का ते ताडते. कोणी कृतीत बदल केला आणि पुस्तिकेतले उदाहरण खोटे ठरले तर तो बदल अडतो. छापलेला मजकूर आपला खरेपणा रोज सिद्ध करतो आहे, ही कल्पना मला विलक्षण वाटते. आपल्या किती पाठ्यपुस्तकांवर ती लावता येईल! पण तिचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. डॉकटेस्ट एवढेच सांगते की कालचे उत्तर आज बदललेले नाही. उत्तर योग्य का आहे हे ती सांगत नाही, आणि उदाहरणापलीकडच्या प्रसंगी काय करावे हेही सांगत नाही. ५ आणि ५० हे उत्तर रोज येत राहील, रोज तपासणीत उत्तीर्ण होत राहील.

जुन्या परंपरेत ही उणीव टीकाग्रंथांनी भरली. 'टीका' हा शब्द आज आपण दोष काढणे या अर्थी वापरतो, पण गणितातल्या टीकेचे काम निराळे होते: उपपत्ती देणे, म्हणजे नियम असा का याचे कारण दाखवणे. 'लीलावती'वर कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'बुद्धिविलासिनी' लिहिली. 'बीजगणिता'वर सुमारे १६०० साली कृष्ण दैवज्ञांनी 'बीजपल्लव' लिहिला, काशीत. हे घराणे मूळचे विदर्भातले, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा असे मानण्याचा प्रघात आहे. तो धरला, तर आमच्या मोताळ्याच्या धरणाची नळगंगा ज्या नदीला मिळते त्याच नदीकाठच्या घरातून हा ग्रंथ निघाला. स्थानिक अभिमानासाठी हे सांगत नाही (थोडा आहे, नाकारत नाही). सांगतो ते यासाठी की पाटण, दधिग्राम आणि काशी यांच्यात पडलेले अंतर हेच टीकेच्या जन्माचे कारण आहे. मूळ ग्रंथकार साडेचारशे वर्षे मागे, मठ केव्हाच लोपलेला, वाचक परमुलखात. सूत्र एकटे पडले. आता विचारायला कोणी नाही, तेव्हा जे विचारले गेले असते ते सगळे आधीच लिहून ठेवणे आले.

कृष्ण दैवज्ञांनी ऋणत्वाची केलेली फोड पाहण्यासारखी आहे. ऋण म्हणजे उलटेपणा, आणि तो तीन प्रकारांनी येतो असे ते म्हणतात: देशाने, काळाने, आणि वस्तूने. पूर्वेकडचे अंतर धन धरले तर पश्चिमेकडचे ऋण. पुढचा काळ धन तर मागचा ऋण. जवळचे द्रव्य धन तर देणे ऋण. आता हे कारण हातात घेऊन वानरांकडे परत या. उणे दोन वानरे: त्यांना दिशा नाही, काळ नाही, आणि कोणी कोणाचे वानर देणे लागत नाही. उलटेपणाला इथे जागाच नाही, म्हणून पाच टाका. ही जोडणी मी केली आहे, पण जोडता येते ती उपपत्तीमुळे. आणि हेच समीकरण उद्या वानरांऐवजी रस्त्यावरच्या अंतराबद्दल आले, तर त्याच कारणाने पाच टाकायचे नाही, ठेवायचे. नियमाने हे साधले नसते. 'पाच टाका' हा नियम दुसऱ्या वेळी चुकला असता, आणि 'दोन्ही ठेवा' हा पहिल्या वेळी.

एजंटसाठी लिहिणारे म्हणतात की यंत्राला कारणे सांगून काय करायचे, त्याला आज्ञा द्या, साचा द्या, संपवा. माझे मत याच्या उलट आहे. कारणाची गरज जवळच्या वाचकाला कमी असते आणि दूरच्या वाचकाला जास्त. हा वाचक आजवरच्या सगळ्या वाचकांत सर्वांत दूरचा. त्याने वानर पाहिलेले नाही, आणि अडल्यावर कोणाला विचारावे अशी सवय त्याच्या अंगी फारशी नाही.

सिम्पायमध्येच या दिशेने पडलेले एक पाऊल आहे, ते नोंदवले पाहिजे. जुन्या 'सॉल्व्ह'ची उत्तरे वेगवेगळ्या रूपांत येतात, आणि अनंत उत्तरे असतील तेव्हा तिची पंचाईत होते. म्हणून 'सॉल्व्हसेट' ही नवी कृती आली. ती उत्तर नेहमी संचाच्या रूपात देते, आणि कोणत्या क्षेत्रात शोधायचे, वास्तव संख्यांत की सदसत् संख्यांत, हे सांगण्याची सोय देते. उत्तर नसेल तर ती रिक्त संच देते. आणि सोडवता आले नाही तर रिक्त संच न देता 'ही अट पाळणाऱ्या संख्यांचा संच' असे म्हणून प्रश्नच नीट बांधून परत करते. 'उत्तर नाही' आणि 'मला जमले नाही' यांत फरक करणारे साधन! हा सभ्यपणा माणसांतही दुर्मीळ. पुस्तिकेत 'सॉल्व्हसेट कशासाठी' असा स्वतंत्र भाग आहे आणि तो कारणे देतो. तो भाग मला आधुनिक टीकाग्रंथासारखा वाटतो. मात्र दुव्याच्या पाटीवर तो उतरत नाही. तिथे लिहिलेले असते, 'समीकरण सोडवते'. संकलनाचेही तसेच: जमले नाही तर सिम्पाय संकलनाचे चिन्ह न सोडवता तसेच परत देते, आणि ते उत्तर नव्हे हे सांगणारी ओळ नसेल तर एजंट ते उत्तर म्हणून पुढे ढकलू शकतो.

*

आता मराठी. आपल्या शाळेत बीजगणित म्हणजे 'सरळ रूप द्या', 'अवयव पाडा', 'विस्तार करा', 'उकल काढा'. ही शब्दांची जोडणी पिढ्यांच्या वापराने पक्की झाली आहे; गणित आवडत नसलेल्यांनाही ती आयुष्यभर आठवते. 'सरळ रूप द्या' याचे यंत्र सहज 'सिम्पलिफाय' करते. पण सिम्पायची ही कृती म्हणजे ठोकताळ्यांचा मेळ आहे. साधे रूप कोणते याची नेमकी व्याख्या नाही हे पुस्तिकाच कबूल करते, आणि दाखवते की क्ष² + २क्ष + १ ला ती हात लावत नाही. अवयव हवे असतील तर तसे सांगा. मराठी शाळेत मात्र कोणते रूप 'सरळ' हे धड्यावरून ठरते. अवयवांच्या धड्यात एक, विस्ताराच्या धड्यात दुसरे. शिक्षक फळ्यावर उभे असल्याने हे कोणाला सांगावे लागले नाही. 'मूळ' या शब्दाचेही तसेच. समीकरणाचे मूळ आणि वर्गमूळ यांतला फरक बोलताना पुष्कळदा गळतो, आणि 'नऊचे मूळ काढ' म्हणणाऱ्या मुलीला तीन हवे असतात, समीकरण नको असते.

'लीलावती' मराठीत आणण्याचे काम ना. ह. फडके यांनी 'लीलावती पुनर्दर्शन'मधून केले. सिम्पायच्या फसगतीच्या जागा मराठीत आणण्याचे काम त्या मानाने लहान आहे, चार-दोन शिक्षकांना सुट्टीत करता येईल असे. ते इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद करून मात्र होणार नाही. फसण्याच्या जागा आपल्या निराळ्या आहेत. उदाहरणापुरती एक पाटी मीच लिहून पाहतो:

'हे साधन समीकरणाची मुळे देते. प्रश्नाचे उत्तर देत नाही. प्रत्येक मूळ मूळच्या शाब्दिक उदाहरणात घालून पाहा, शेवटच्या संख्येपुरते नव्हे, वाटेतल्या प्रत्येक राशीपुरते. जिथे माणसे, जनावरे, फळे मोजली आहेत तिथे वाटेत ऋण किंवा अपूर्ण संख्या आली तर ते मूळ टाका, आणि टाकल्याचे कारण सांगा. जिथे अंतर, काळ, देणे-घेणे आहे तिथे ऋण संख्येला अर्थ असतो, तो शोधा. रिक्त संच म्हणजे उत्तर नाही. अट बांधलेला संच म्हणजे साधनाला जमले नाही. तसे स्पष्ट सांगा. प्रश्नात "सरळ रूप द्या" असेल आणि धडा कळत नसेल, तर कोणता धडा आहे ते विचारा.'

यातले शेवटचे क्रियापद दुव्यांच्या पाट्यांवर मला अजून दिसलेले नाही. ते घातले की पाटी सात-आठ शब्दांनी लांबते आणि दर वेळी तेवढी जागा खाते. चांगदेवाच्या मठालाही खर्च होताच. तो कोणी कसा उचलायचा ते पाटणच्या दगडावर, त्या वेळच्या मराठीत, लिहून ठेवले आहे.